कॉलेजात असताना स्वस्तात चुकून घ्यावं

प्रश्न : मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. पणजीच्या एका कॉलेजात एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, मुख्य विषय रसायनशास्त्र, गुण साठ-पासष्टच्या घरात. येण्याजाण्यात रोज तीन तास बसमध्ये जातात. बाबा म्हणतात सरकारी नोकरीच्या परीक्षांना लाग, मामा म्हणतो वेर्ण्याला औषध कंपनीत चिकट, मैत्रिणी एम.एस्सी.चं बोलतात. सगळ्यांचं ठरलंय, माझंच ठरत नाही. कॉलेज संपायला दीड वर्ष आहे. एवढ्यात नेमकं काय केलं म्हणजे पुढचं कळेल? गावच्या नाटकात मी काम करते, तेही आता सोड म्हणतात.

उत्तर : बाय, आधी ते ‘सगळ्यांचं ठरलंय’ बाजूला ठेव. एस.वाय.च्या वर्गात ज्यांचं ठरलेलं असतं त्यातल्या बऱ्याच जणांचं घरच्यांनी ठरवलेलं असतं, आणि काहींचं शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने. तुझं ठरलेलं नाही आणि तू ते कबूल करतेस, हे मला उलट बरं वाटलं.

मी हे कशाच्या जोरावर बोलते ते सांगते. एम.एस्सी. करून औषध कंपन्यांत बावीस वर्षं काढली. आधी क्यूसीच्या, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासायच्या लॅबमध्ये, मग नव्या मुलांना शिकवायला, शेवटी मुलाखती घ्यायला. गेली नऊ वर्षं कॉलेजच्या मुलांना इंटर्नशिप आणि नोकरीला लावायचं काम बघते. माझी स्वतःची सुरुवात मात्र फसली होती. पहिली नोकरी लागली ती प्रॉडक्शनमध्ये. कंपनीचं नाव घेत नाही, तसा दोष तिचा नव्हताच. मी तोवर कारखाना आतून पाहिलेलाच नव्हता. गोळ्या दाबायच्या मशीनचा खडखडाट, डोक्यापासून पायापर्यंत झगा, फिरत्या पाळ्या, रात्री दोनला जेवण. सात महिने कसेबसे काढले आणि एका सकाळी फोंड्याच्या बसस्टँडवर कंपनीची बस आली तरी मी चढलेच नाही. टी.वाय.च्या सुट्टीत दोन दिवस जरी त्या मजल्यावर उभी राहिले असते, तरी ते सात महिने वाचले असते.

तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर या दोन दिवसांभोवतीच फिरणार आहे. कॉलेजात असताना चूक स्वस्त पडते. दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवस कुठे कामाला गेलीस आणि ‘हे माझ्याने व्हायचं नाही’ असं कळलं, तर गेले दहा दिवस. तेच नोकरीत कळलं तर वर्ष जातं, वर वाड्यावरचे ‘सोडलीस का गो?’ म्हणून विचारतात ते वेगळंच. म्हणून या दीड वर्षात ‘माझं करिअर कोणतं’ याचं उत्तर काढत बसू नकोस. चार-पाच कामं चाखून बघ आणि त्यातली दोन-तीन तरी खोडून टाक.

सुरुवात अगदी जवळून करू. प्रॅक्टिकलला टायट्रेशनचं रीडिंग तू जर्नलात कसं लिहितेस? पहिलं ९.८ आलं, दुसरं १०.३, तिसरं ९.९. तिन्ही आहेत तशी लिहितेस, की सीनियरच्या जर्नलातून ‘बरोबर’ आकडा बघून तिन्ही जुळवतेस? रागावत नाही, आम्हीही जुळवायचो. पण क्यूसीच्या लॅबमध्ये चुकलेला आकडा एका आडव्या रेघेने खोडतात, खालचं वाचता यायला हवं, शेजारी सही, तारीख आणि कारण. व्हाइटनरची बाटली लॅबमध्ये सापडली तरी चौकशी होते. लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही, हा तिथला पहिल्या दिवसाचा धडा. आणि आकडा जुळवणं हे नोकरी जाण्याचं कारण. मुलाखतीत मी हटकून विचारायचे, ‘कॉलेजात एखादा प्रयोग फसला का? मग काय केलंस?’ ‘नाही मॅडम, कधीच फसला नाही’ असं म्हणणाऱ्याला मी पुढे फारसं विचारत नसे.

तर पहिला प्रयोग असा. पुढचे दोन महिने स्वतःचं जर्नल तसंच लिही. वजनकाट्यावर किती वाजता काय मोजलं, द्रावण कुणी केलं, कधी केलं, बाटलीवर चिठ्ठी लावली का, रीडिंग आलं तसं. यात कुणाची परवानगी नको, पैसे नकोत. दोन महिन्यांनी स्वतःला विचार : याचं समाधान वाटलं, की जीव कंटाळला? समाधान वाटलं तर क्यूसी आणि क्यूए, म्हणजे गुणवत्तेची हमी देणारं खातं, ही तुझ्यासाठी खरी शक्यता आहे. कंटाळा आला तर मामाला सांगायला तुझ्याकडे कारण तरी असेल. आणि मामाला हेही विचार की ‘औषध कंपनी’ म्हणजे त्यातलं कुठलं खातं. क्यूसीत नमुने तपासतात, औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसीसारख्या यंत्रावर दिवस जातो. क्यूएवाले तेच कागद पुन्हा वाचतात, चुका धरतात, बॅच बाहेर सोडायची की नाही ते ठरवतात. रेग्युलेटरी म्हणजे परदेशी सरकारांना पाठवायच्या फाइली, ज्याला इंग्रजी लिहिता येतं त्याने तिथे बघावं. मायक्रोबायोलॉजी, स्टोअर्स, प्रॉडक्शन ही आणखी निराळी माणसं. दारावर पाटी एकच असली तरी आत दहा गावं आहेत.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. एक प्रकल्प कर, आणि तो स्वतःच्या गावात कर. तू डिचोलीची, म्हणजे भोवती जांभा दगड, खाणींचा टापू आणि वाड्यावाड्यावर विहिरी. बारा विहिरी निवड. एकदा मे महिन्याच्या शेवटी, पाणी तळाला गेलेलं असताना, आणि एकदा पाऊस ओसरल्यावर चतुर्थीच्या आसपास, असे दोनदा नमुने घे. पीएच, काठिण्य आणि लोह, एवढं तीनच तपास. काठिण्य ईडीटीएच्या टायट्रेशनने, ते तुला येतंच. लोहासाठी आधी हायड्रॉक्सिलअमाइन घालून ते फेरस अवस्थेत आणायचं, मग फेनॅन्थ्रोलिन घातलं की नारिंगी-तांबडा रंग येतो, तो ५१० नॅनोमीटरला वाचायचा. साधा कलरीमीटर तुमच्या लॅबमध्ये असणारच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, पीएच ६.५ ते ८.५ सांगितला आहे. काठिण्य २०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चांगलं, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी थोडं आंबट निघतं आणि काठिण्य फारच कमी असतं, तेव्हा ६.५ च्या खालचा पीएच आला तर घाबरून मीटर बदलू नकोस. आधी बफरने, म्हणजे पीएच ठाऊक असलेल्या द्रावणाने, मीटर तपास.

यात काय घडतं बघ. पीएच विहिरीच्या काठावरच मोजावा लागतो, कारण बाटली घरी नेईपर्यंत पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि आकडा वर सरकतो. लोहाचा नमुना वेगळ्या बाटलीत, त्यात थोडं नायट्रिक आम्ल, नाहीतर लोह हवेने गंजून तळाशी बसतं आणि तुला पाण्यात लोहच नाही असं वाटतं. या दोन गोष्टी पुस्तकात एका ओळीत असतात. त्या एकदा चुकून शिकलीस की मुलाखतीत त्यावर दहा मिनिटं बोलशील, आणि समोरच्याला कळेल की ही मुलगी विहिरीवर गेली होती.

पण मी प्रकल्प सांगते तो मुलाखतीसाठी नव्हे. या एका कामात चार वेगवेगळ्या नोकऱ्या दडल्या आहेत. पाठीवर पिशवी घेऊन मे महिन्याच्या उन्हात विहिरी धुंडाळणं, ही पर्यावरण सल्लागार कंपन्यांतली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळातली फील्डची नोकरी. लॅबमध्ये बसून चोवीस नमुने, त्यांचे ब्लँक म्हणजे नमुन्याशिवायच्या कोऱ्या चाचण्या, प्रत्येकाची दोन-दोन रीडिंग, ही क्यूसी. एक्सेलमध्ये आलेख काढून ‘पाळी गावाच्या बाजूला असं का आणि मये गावाच्या बाजूला तसं का’ याच्यात डोकं घालणं, हे संशोधन. आणि विहिरीच्या मालकिणीच्या ओसरीवर बसून ‘काकी, पाणी पिण्याजोगं आहे, पण एवढं एवढं करा’ हे न घाबरवता सांगणं, ही शिकवणाऱ्याची, पंचायतीत काम करणाऱ्याची, विज्ञानावर लिहिणाऱ्याची नोकरी. चारांपैकी कशात वेळ कसा गेला ते कळलं नाही आणि कशात सारखं घड्याळ बघितलंस, ते त्या त्या दिवशी वहीत लिही. नंतर आठवून लिहिलेलं खोटं असतं, आपण स्वतःलाही बरं दाखवतो. एका शिक्षकांना आधी विश्वासात घे. रसायनं त्यांच्या सहीनेच मिळतील आणि कदाचित हाच तुझा अभ्यासक्रमातला प्रकल्पही होईल.

तुझे ते बसमधले तीन तास. तू ते वाया गेलेले म्हणून लिहिलेस. सकाळच्या साखळी-पणजी बसमध्ये तुझ्या शेजारी कोण बसतं, कधी बघितलंस? सचिवालयातले कारकून, बांबोळीच्या इस्पितळातल्या नर्स, बँकेतली मुलं, पणजीतल्या वकिलाकडे जाणारी ज्युनियर, हॉटेलच्या रिसेप्शनवरची पोरगी. एवढी माणसं एका जागी बसवायला आम्हाला कॉलेजात करिअर मेळावा भरवावा लागतो, आणि तिथे ती खरं बोलत नाहीत, कारण व्यासपीठावर असतात. बसमध्ये बोलतात. फक्त प्रश्न बरोबर हवा. ‘तुमचं क्षेत्र कसं आहे?’ असं विचारलंस तर ‘स्कोप आहे’ एवढंच उत्तर मिळेल, आणि ‘स्कोप’ हा शब्द मी गेली तीस वर्षं ऐकते, त्याचा अर्थ मला अजून कुणी सांगितलेला नाही. विचारायचं ते असं : ‘गेल्या मंगळवारी सकाळपासून तुम्ही काय काय केलंत?’ मंगळवारच, कारण सोमवार आणि शनिवार नेहमीसारखे नसतात. माणूस आठवून सांगायला लागतो आणि त्यात त्याची खरी नोकरी बाहेर येते. दुसरा प्रश्न : ‘तुमच्या खात्यातून अलीकडे कोण सोडून गेलं, आणि का?’ हा जरा ओळख झाल्यावर.

बसमध्ये रसायनवाले भेटणार नाहीत, ते कंपनीच्या बसने जातात. त्यांच्यासाठी तुमच्या विभागाच्या सरांकडे माजी विद्यार्थ्यांचे नंबर माग आणि निरोप पाठव. मुलं इथे अडतात, म्हणून मजकूरच देते :

‘नमस्कार ताई, मी आपल्याच कॉलेजची एस.वाय. रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. तुम्ही सध्या क्यूसीत आहात असं सरांकडून कळलं. नोकरी मागायला हा निरोप नाही. तुमचा कामाचा एक दिवस कसा असतो हे समजून घ्यायचं आहे, वीस मिनिटं पुरतील. शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी सकाळी बोलता येईल का?’

दहा जणींना पाठवलास तर काही उत्तरच देणार नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, त्या पाळीवरून येऊन झोपलेल्या असतात. ज्या बोलतील त्यांना बोलणं झाल्यावर त्याच दिवशी धन्यवादाचे दोन शब्द पाठव. महिन्याभराने ‘तुम्ही सांगितल्याप्रमाणे असं असं केलं’ हेही कळव. पुढे जागा निघाली की त्यांना नाव आठवतं ते अशाच मुलीचं. गोव्यात ओळखीने कामं होतात म्हणून आपण नाकं मुरडतो. पण वशिल्याची ओळख वेगळी आणि तुझं काम माहीत असलेली ओळख वेगळी, आणि दुसरी कुणालाही करता येते.

इंटर्नशिपबद्दल थोडं कडक बोलते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, डिसेंबर २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्यात इंटर्नशिपला २ ते ४ क्रेडिट आहेत. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे ६० ते १२० तास प्रत्यक्ष काम. आता हे १२० तास मुलं कशी भरतात ते मला रोज दिसतं. काकांच्या ओळखीचा कुणी असतो, तो लेटरहेडवर सही-शिक्का मारून देतो, आणि पोरगा ते पंधरा दिवस घरी असतो. गुण मिळतात. दोन वर्षांनी मुलाखतीत कुणी ‘तिथे तुझा दिवस कसा जायचा?’ एवढंच विचारलं की चेहरा उतरतो. सही मिळवायला जी ओळख वापरतात तीच ओळख आत शिरायला वापरली असती तर! तुझ्या मामाला हेच सांग. ‘चिकटव’ म्हणू नकोस, ‘पंधरा दिवस आत उभं राहू दे’ म्हण. वेर्णे लांब पडत असेल तर डिचोली, होंडा, कुंडई इथेही औद्योगिक वसाहती आहेत. छोट्या कारखान्यात तर शिकाऊ मुलीला जास्त बघायला मिळतं, मोठ्या कंपनीत तिला झेरॉक्स काढायला बसवतात. आणि पैशाचं : अभ्यासक्रमातले तास बिनपगारी असले तर असोत, पण त्यापुढे कुणी ‘अनुभव मिळेल’ म्हणत फुकट राबवत असेल तर नमस्कार करून निघून ये.

उलटा प्रकारही असतो. डिसेंबरात हॉटेलांचा सीझन, कुणी म्हणतं चल, महिनाभरात हातात पैसे. जा की. ग्राहकाशी बोलायला, दिवसभर उभं राहायला, रागावलेल्या माणसासमोर हसायला तिथे शिकशील. घरच्या दुकानात चतुर्थीच्या गर्दीत गल्ला सांभाळलास तर तोही अनुभवच, बायोडेटात लिही. कॅसिनोच्या रात्रपाळीपासून मात्र कॉलेज संपेपर्यंत लांब राहा. पहिला पगार डोळे दिपवतो आणि सकाळचं प्रॅक्टिकल बुडतं, मग हजेरी, मग वर्ष. माझ्या डोळ्यांदेखत तिघं गेली.

आता बाबांचं. ते काय काम करतात हे तू लिहिलं नाहीस, पण डिचोली तालुक्यातल्या घरात सरकारी नोकरीचा हट्ट कुठून येतो ते मला ठाऊक आहे. २०१२ साली लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. अंगणात ट्रक उभे राहिले, बँकेचे हप्ते थांबले नाहीत. ज्या माणसाने हे बघितलं तो मुलीला ‘महिन्याच्या महिन्याला येणारा पगार बघ’ असंच म्हणणार. तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांच्याच बाजूने थोडं चालून बघ. सरकारी म्हणजे कारकुनीच असं नाही, तुझ्या विषयाचीही कामं तिथे आहेत. बांबोळीला अन्न आणि औषध प्रशासनाची प्रयोगशाळा, साळगावला प्रदूषण नियंत्रण मंडळ, ओपाला आणि तुमच्याजवळ पडोशाला पाणी शुद्धीकरणाचे प्रकल्प. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की तुरटी किती घालायची हे तिथे रोज बरण्यांत ढवळून ठरवतात, ते एकदा सरांना सांगून वर्गाची सहल काढून बघून या. विहिरींचा प्रकल्प केलेला असेल तर तिथल्या माणसाला विचारायला तुझ्याकडे खरे प्रश्न असतील.

परीक्षांचं म्हणशील तर गोव्याच्या कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा संगणकावर असते आणि तिला स्पर्धा दांडगी. माझं मत असं, की तयारी कर, पण दिवसाचा एक तास, तोही बसमधला. पदवीनंतर तीन-चार वर्षं फक्त परीक्षा देत घरी बसलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि मुलाखतीला ती आली की त्या मधल्या वर्षांबद्दल काय विचारावं ते मलाच सुचत नाही. एक बारीक गोष्ट, जी आपल्या मराठी शाळेतल्या मुलांना उशिरा कळते. सरकारी पदांच्या जाहिरातीत कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं इष्ट असं लिहिलेलं असतं. आपण कोकणी बोलतो, पण लिहायची वेळ आली की हात मराठीकडे वळतो. देवनागरीतलं कोकणी दैनिक रोज एक पान वाच आणि आठवड्याला एक पान लिही. सहा महिन्यांत फरक पडेल.

एम.एस्सी.बद्दल मैत्रिणींनी काय ठरवलं त्यापेक्षा का ठरवलं ते विचार. ‘बी.एस्सी.ला कोण विचारतं?’ एवढंच कारण असेल तर ते निर्णय दोन वर्षं पुढे ढकलणं झालं. नव्या रचनेत चौथं वर्षही आहे, पण संशोधनासह ऑनर्स घ्यायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. तुझ्या गुणांत ते अवघड आहे, स्पष्टच सांगते. तीन वर्षांची पदवी आणि मग दोन वर्षांचं एम.एस्सी. ही वाट उघडी आहेच. पण त्याआधी संशोधन म्हणजे काय ते बघ तरी. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झालेली, तुमच्या कॉलेजपासून बसने अर्धा तास नाही, आणि पणजीत शिकून पदवी घेतलेली कितीतरी मुलं तिच्या फाटकातून आत गेलेली नसतात. पाण्यातला प्राणवायू मोजायची विंकलरची पद्धत तू प्रॅक्टिकलला करतेस ना? समुद्रात गेलेल्या जहाजावर शास्त्रज्ञ अजूनही तेच टायट्रेशन करतात, यंत्रांची रीडिंग त्याच्यावर ताडून बघतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला अशा संस्थांत विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम असतात, त्यावर नजर ठेव. जा, आणि मोठ्या शास्त्रज्ञाला गाठायच्या ऐवजी पीएच.डी. करणाऱ्या मुलीला गाठ. ‘गेल्या मंगळवारी काय केलंस?’ ती सांगेल की सकाळपासून पंप बिघडला होता. ते ऐकूनही पाय तिथेच घुटमळले तर एम.एस्सी. कर. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, तिच्याही अटी वाचून अर्ज टाक. निवड कठीण असते, पण अर्जात ‘तुला यात रस का’ हे लिहिताना डोकं साफ होतं.

एन.एस.एस. असेल तर वर्षाला १२० तास असे दोन वर्षांचे २४० तास पुरे कर, अर्धवट सोडू नकोस. एन.सी.सी.त असशील आणि गणवेश आवडत असेल तर ‘सी’ प्रमाणपत्रावर सैन्यात लेखी परीक्षेशिवाय थेट एस.एस.बी.ला, म्हणजे अधिकारी निवडायच्या मुलाखतींना, जायची वाट आहे. दोन्हींत नसशील तर या टप्प्यावर घुसायची गरज नाही.

राहिलं नाटक. इथे माझं घरच्यांशी जमत नाही.

काही वर्षांपूर्वी एका मशीन देखभालीच्या जागेसाठी एक मुलगा आला होता. गुण बेताचे, इंटर्नशिपवर धड बोलता येईना. मी सहज विचारलं, दिवाळीत काय करतोस? तर त्यांच्या वाड्यावर नरकासुराचा हलता पुतळा करायचे. वायपरच्या मोटरवर मान फिरवायची, जुन्या सायकलची चेन लावून हात वर-खाली करायचे, आदल्या रात्री पाऊस आला आणि मोटर भिजली, तेव्हा पहाटे तीनला कुणाकडून दुसरी आणली, वर्गणीतून किती उरले, हे सगळं त्याने हात हलवत सांगितलं. बायोडेटात यातलं एक अक्षर नव्हतं. विचारलं तर म्हणतो, ‘मॅडम, ते काय लिहायचं?’ त्याला घेतला. अजून तिथेच आहे, आता त्याच्या हाताखाली माणसं आहेत.

तू जत्रेच्या नाटकात उभी राहतेस म्हणजे काय काय करतेस ते तुझं तुला दिसत नाही. औषध कंपनीत परदेशी तपासनीस येतो तेव्हा क्यूसीच्या मुलीला चार वरिष्ठांसमोर उभी करून विचारतो, ‘हा आकडा इथे का खोडलाय?’ चांगल्या चांगल्या मुली तिथे थरथरतात, नाहीतर घाबरून नको ते जास्तीचं बोलून जातात. देवळासमोरच्या मंडपात हजार माणसं, मध्येच माईक बंद, समोरचा वाक्य विसरलेला, अशा वेळी जिने प्रवेश सावरून नेला आहे तिला एका तपासनिसाचं काय? नाटक सोडू नकोस. फक्त परीक्षेच्या महिन्यात तालमी असतील तर त्या खेपेला छोटी भूमिका घे, किंवा प्रॉम्प्टिंगला बस. आणि दिग्दर्शकाला विचारून एकदा खर्चाची वही तुझ्याकडे घे. रंगपट, लाइट, साउंड, ने-आणीचा टेम्पो. पैशाचा हिशेब जमतो की नाही हेही या दीड वर्षात कळून जाऊ दे.

यंदाचं नाटक कुठलं आणि जत्रा कधी ते कळव. साखळीच्या आसपास असेल तर मी येईन. विहिरींची वही बरोबर आण, खाडाखोडीसकट.